बोटाखालचं नाव

आमच्या घराण्यात मुलांची नावं कोणी ठेवत नाही, ती बोटाखाली सापडतात. बाराव्या दिवशी घरातला सगळ्यात वयस्कर पुरुष मांडीवर शास्त्र, म्हणजे बायबल, घेतो, डोळे मिटतो, हाताला येईल ते पान उघडतो आणि बोट टेकवतो. बोटापासून पुढे वाचत जायचं. जे पहिलं माणसाचं नाव लागेल, ते बाळाचं. तक्रार चालत नाही. आजोबा पुंजाजी ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांनी ही रीत सुरू केली. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं, त्यामुळे लबाडीचा संशय घ्यायला जागाच नव्हती.

या रीतीने आमच्यात काय काय दिवे लागले ते ऐका. माझ्या एका चुलतभावाच्या वाट्याला नाबाल आलं. इब्री, म्हणजे हिब्रू भाषेत त्याचा अर्थ मूर्ख. तो बँकेत मॅनेजर होऊन निवृत्त झाला आणि अजून सही नुसती 'एन' अशी करतो. चुलतबहिणीला मारा मिळालं, म्हणजे कडू. तिला आम्ही बेबी म्हणतो, तिची नातवंडंही बेबीच म्हणतात. आणि मी याबेस.

याबेस म्हणजे दुःख. शास्त्रात वंशावळ्यांची पानंच्या पानं आहेत. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला, असं चाललेलं असतं आणि मध्येच दोन ओळींपुरता हा याबेस येतो. आईला बाळंतपणात फार यातना झाल्या म्हणून तिने पोराचं हे नाव ठेवलं. माझे वडील डोमाजी मिशनच्या शाळेत मास्तर होते. पाद्रीसाहेबांच्या जुन्या कोशातून त्यांनी इब्री नावांचे अर्थ वहीत उतरवून घेतले होते. इसहाक म्हणजे हसू, दबोरा म्हणजे मधमाशी, मोशे म्हणजे पाण्यातून ओढून काढलेला. माझ्या नावाबद्दल ते सांगायचे की त्या माउलीने दुःखाचा शब्द घेतला खरा, पण त्यातली दोन अक्षरं मागेपुढे करून टाकली. का केली ते कोणाला माहीत नाही. मला त्या अक्षरांचं काय कौतुक असणार? जगाच्या पाठीवर एवढी नावं पडली असताना आजोबांचं बोट नेमकं माझ्याच वेळेला तिथे कडमडलं, याचा राग मी सहासष्ट वर्षं पाळला. अमरावतीच्या बस स्टँडवर तेहेतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो, गाड्या वेळेवर सोडल्या, पण स्वतः कधी स्वस्थ बसलो नाही. त्याचंही खापर मी या नावावरच फोडत आलो.

आता घरातला सगळ्यात वयस्कर पुरुष मी. आणि नात बारा दिवसांची.

ती दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. जन्मली तेव्हा तेराशे ग्रॅम. माझी सून दीक्षा हिचं हे तिसरं बाळंतपण. पहिली मुलगी दोन दिवस राहिली, दुसरा मुलगा नऊ दिवस. दोघांची नावं तिने आधीच, सातव्या महिन्यात, अर्थ शोधून शोधून ठेवली होती. अक्षया आणि चिरायू. ती माहेरची बौद्ध, शिकलेली, या असल्या रीतींना न मानणारी. म्हणून मला वाटलं होतं की बोटाचा विषय ती काढूच देणार नाही. माझा मुलगा प्रीतम तर सरळ म्हणाला की बाबा, ते राहू द्या, आपण एखादं चांगलं नाव ठेवू. पण दीक्षाने मान हलवली.

"मी नाही निवडणार आता," ती म्हणाली. "बाबा, तुमच्यात जसं येते तसं येऊ द्या."

झालं. तेव्हापासून माझी झोप गेली. बोटाखाली ईखाबोद आलं तर? त्याचा अर्थ वैभव गेलं. बेनओनी आलं तर? मरता मरता राहेलने लेकराचं ठेवलेलं नाव ते, माझ्या दुःखाचा मुलगा. बापाने पुढे बदलून बन्यामीन केलं ही गोष्ट वेगळी, आमच्याकडे बदलायची सोय नाही. त्या पोरीने दोन लेकरं मातीत घातली आणि तिसरीच्या कपाळी मी असलं काहीतरी आणून चिकटवू? मी ठरवलं, लबाडी करायची. हन्ना हे नाव मी मनात नक्की केलं. हन्ना म्हणजे कृपा. शिवाय तीही लेकरासाठी रडरड रडलेली बाई.

रीतीला आमचं जुनं शास्त्रच लागतं, आणि ते अकोल्याला इंदूबाई आत्याकडे असतं. वडिलांची ही सगळ्यात धाकटी बहीण, ऐंशी वर्षांची. बाराव्या दिवशी पहाटे सव्वासहाच्या गाडीने मी निघालो. दवाखान्यात भेटायची वेळ पाचची होती, त्याच्या आत परत यायचं होतं. खिशात पारदर्शक चिकटपट्टी घेतली होती. तीन दिवस मी घरी टेलिफोनच्या जुन्या डिरेक्टरीवर सराव केला होता. पट्टीचा तुकडा पानाच्या कडेला लावायचा, दुसरा ओळीच्या शेजारी, म्हणजे डोळे मिटूनही बोटाला कळतं. म्हातारपणी कोणाला काय शिकावं लागेल, सांगता येत नाही.

आत्या पलंगावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. तिने बाळाचं वजन विचारलं, दूध पचतं का विचारलं, आणि कपाटाकडे बोट दाखवलं. मी शास्त्र काढून पडवीत आणलं. धूळ झटकतो असं तिला सांगितलं आणि पाठ करून बसलो. हन्नाची गोष्ट जिथे सुरू होते तिथे दोन्ही तुकडे लावले. मग डोळे मिटून एकदा करून पाहिलं.

पान उघडलं, पण अंगठा भलत्याच ठिकाणी अडकला. पानाच्या कडेला कोणीतरी बारीकशी खाच पाडलेली होती. बोट खाली घसरलं आणि एका टणक गोष्टीवर थांबलं. मी डोळे उघडले. मुगाच्या दाण्याएवढा पिवळट तपकिरी थेंब, कागदाला घट्ट धरलेला. वंशावळ्यांचं पान होतं आणि थेंबाच्या शेजारी माझं नाव होतं.

बाभळीचा डिंक होता तो. मी स्वतः पाच मिनिटांपूर्वी तीच कारागिरी केली होती, त्यामुळे ओळखायला काही वेळ लागला नाही.

मी तसाच पुस्तक घेऊन आत्यासमोर जाऊन उभा राहिलो. अंगाचा तिळपापड झाला होता. आजोबांचं बोट चुकून पडलं असतं तर एक वेळ सोसलं असतं, सोसलंच होतं. पण हे कोणीतरी ठरवून केलं होतं. पोटच्या पोराला दुःख असं नाव ठरवून.

आत्याने थेंबाकडे पाहिलं आणि शेंगांचं टोपलं बाजूला केलं.

"सापडलं तुले," ती म्हणाली. "दादानं लावला थो डिंक. मी चौदा वर्षांची व्हती, मीच आणून देल्ता बाभयीचा."

मग तिने सांगितलं. माझ्या आधी आईला तीन मुलगे झाले होते, हे मला माहीत होतं. त्यांची नावं मात्र घरात कोणी कधी घेतली नव्हती. शमुवेल, नथनेल आणि इसहाक. देवाने ऐकलं, देवाने दिलं, हसू. तिन्ही नावं वडिलांनी वहीत पाहून पाहून ठरवलेली होती आणि बोट बरोबर तिथेच पडेल याची तजवीज केलेली होती. एकही मुलगा वर्षाचा झाला नाही. आपल्या वऱ्हाडात ज्या घरी मुलं जगत नाहीत तिथे पुढच्या लेकराला क्षणभर उकिरड्यावर ठेवतात आणि नावही तसंच देतात, कचरू, उकर्डा, म्हणजे मरणाने त्याच्याकडे ढुंकून पाहू नये. आजोबांचं पुंजाजी हे नाव त्यातलंच. झाडून काढलेल्या कचऱ्याचा पुंजा. माझ्या वेळी दिवस गेले तेव्हा आई, पार्बताबाई, हटून बसली की या खेपेला असलंच नाव पाहिजे. आणि पाद्रीसाहेबांनी बजावलं की कचऱ्याच्या नावाचा बाप्तिस्मा मी करणार नाही, ख्रिस्ती माणसाने असलं भय बाळगायचं नाही. आई जेवेना. वडील शाळेतून आले की वही आणि शास्त्र घेऊन बसायचे. शास्त्रातलं असेल आणि तरीही वाईट असेल असं नाव शोधायला त्यांना दोन महिने लागले.

"पाद्र्याले शास्त्रातलं नाव पायजे व्हतं, वयनीले वाईट पायजे व्हतं," आत्या म्हणाली. "दादानं दोघायचंही आयकलं. बाबाले, तुह्या आजाले, ठाऊक व्हतं, मले ठाऊक व्हतं. तुलेच तेवढं नवतं."

"मंग सांगतलं काहून नाई मले? सहासष्ट वर्षं?"

"सांगतलं असतं त् ते वाईट राह्यलं असतं का रे? लाडाचं झालं असतं."

मी पुस्तक पलंगावर ठेवलं. शाळेतून मी रडत यायचो, पोरं नावावरून चिडवतात म्हणून. आई चुलीपुढे असायची. ती कधी जवळ घ्यायची नाही, डोळे पुसायची नाही. पाठ करून भाकरी थापत राहायची. मी तिला मनातल्या मनात दगड म्हणत आलो, ती गेली तेव्हाही म्हणालो. ती पाठ करून काय सांभाळत होती ते मला अकोल्यात, एका ऐंशी वर्षांच्या बाईसमोर, डिंकाच्या थेंबावरून कळलं. मी रडलो. आत्याने रडू दिलं आणि मग चहा केला.

निघताना मी हन्नाच्या पानावरच्या दोन्ही पट्ट्या काढून टाकल्या. कागद थोडा फाटला.

परतीची गाडी साडेअकराची होती. खिडकीची जागा मिळाली, पण मला बसवेना. पुस्तक मांडीवर, मांडीवरून बाकावर, बाकावरून पुन्हा मांडीवर. शेजारच्या बाईंनी विचारलं की काका, तब्येत बरी आहे ना. बोरगाव मंजू गेलं. माझ्या डोक्यात दोन नावं एकमेकांना ढकलत होती. हन्ना ठेवलं आणि पोरगी गेली तर दीक्षा म्हणेल, पुन्हा गोड नाव, पुन्हा तेच. मारा ठेवलं, कडू, तर आईच्या हिशोबाने ती वाचेल. मी वाचलो की नाही? मी शिकलेला माणूस, असल्या गोष्टींना आयुष्यभर हसलो, आणि आता मारा नावाचं पान कुठे येतं ते बोटाने चाचपत होतो. माझी मलाच शरम वाटत होती, पण हात थांबत नव्हता.

मूर्तिजापूरला गाडी दहा मिनिटं थांबली. मी उतरून फेऱ्या मारत होतो तेव्हा प्रीतमचा फोन आला. बाळाचं वजन तीस ग्रॅमने उतरलं होतं आणि श्वासासाठी पुन्हा नळी लावली होती. डॉक्टरांनी आजची आणि उद्याची काळजी आहे म्हणून सांगितलं होतं. त्याचा आवाज कोरडा होता. मी बोलत बोलत इतका लांब गेलो की कंडक्टरला हाक मारावी लागली. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी त्याला स्टँडवर दहा माणसांत झापलं असतं.

बडनेऱ्याच्या पुढे मी ठरवलं, मारा. अमरावतीत उतरलो तेव्हा ठरवलं, हन्ना. ऑटोत बसलो आणि दवाखाना येईपर्यंत दोन्ही नावं गेली. एवढंच उरलं की डोळे मिटल्याचं सोंग मला त्या पोरीसमोर करता येणार नाही. आमच्याकडचं बोट कधी आंधळं नव्हतंच, हे तिला कळायला पाहिजे. ती त्या बोटाच्या भरवशावर बसली होती.

दीक्षा अतिदक्षता कक्षाबाहेरच्या बाकावर बसली होती, शाल गुंडाळून. प्रीतम भिंतीला टेकून उभा. मी शास्त्र तिच्या शेजारी ठेवलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. माझी चिकटपट्टी, वडिलांचा डिंक, गेलेले तिघं भाऊ आणि त्यांची चांगली चांगली नावं, आईचा हट्ट, याबेसचा अर्थ. काही लपवलं नाही. बसमध्ये मारा म्हणून ठरवलं होतं, तेही सांगितलं. प्रीतम भडकला. म्हणाला की आत पोरगी श्वास मोजून राहिली आणि तुम्ही इथे कचरा अन् उकिरडा काय लावलं आहे. त्याचं खरंच होतं.

दीक्षाने पुस्तक उघडलं. खाच तिला लगेच सापडली. तिने थेंबावरून बोट फिरवलं, दोन-तीनदा.

"बाबा, तुम्हाला कधी मोठं काही झालं होतं?" तिने विचारलं.

मी म्हटलं की झालं होतं. चार वर्षांचा असताना टायफॉइड, एकवीस दिवस. नऊ वर्षांचा असताना मोर्शीला मामाच्या संत्र्याच्या मळ्यातल्या विहिरीत पडलो, बाजेवर घालून वर काढलं. आणि कोरोनात अकरा दिवस ऑक्सिजनवर होतो, तेव्हा तर तूच डबा आणून द्यायचीस.

"मग हेच नाव ठेवू," ती म्हणाली.

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी चिडलो. हे पुरुषाचं नाव आहे, मी म्हटलं, आणि याचा अर्थ दुःख आहे, आणि या नावापायी मी काय भोगलं ते तुला माहीत नाही. ती ऐकत राहिली. मी बोलता बोलता, सवयीने, हेही सांगून बसलो की शास्त्रात याबेस नावाचं एक गावही आहे, तिथे लिहिणारी माणसं राहायची. ती म्हणाली, गावाचं नाव मुलीला चालते.

शेवटी मी तिच्या शेजारी बसलो. तिला आत्याचं म्हणणं सांगितलं. हे नाव वाईट होतं तोवर त्याने काम केलं असेल. पण आज सकाळपासून मला ते वाईट वाटत नाही, बेटा. आईने मला दिलेली ती एकच गोष्ट आहे असं वाटून राहिलं. आता ते लाडाचं झालं. आता ते कोणाला कसं वाचवणार?

दीक्षाने पुस्तक मिटलं.

"मले वाईट नाव नकोच आहे, बाबा," ती म्हणाली. रागात किंवा रडताना तिची बोली माहेरची होते. "चांगलंही नको. अर्थ पाहून दोघायचे ठेवले मी. आता मले जगलेलं नाव पायजे."

प्रीतमने तोंड भिंतीकडे फिरवलं.

पाच वाजता नर्सने एकालाच आत येऊ देते म्हणून सांगितलं. दीक्षाने मला पुढे केलं. त्यांनी मला हिरवा डगला घातला, दोनदा हात धुवायला लावले. पेटीत ती पालथी होती, नाकात नळी, पाठीची कातडी इतकी पातळ की आतलं हाड अन् हाड दिसत होतं. पाठ वरखाली होत होती, मध्येच थांबत होती, पुन्हा होत होती. नर्सने पेटीची गोल खिडकी उघडली आणि हात लावू नका, नुसतं बोला म्हणाली.

"याबेस," मी म्हणालो.

आजवर लोकांनी ते नाव घेतलं की मी वळून पाहत आलो होतो. दुसऱ्या कोणाला त्या नावाने हाक मारायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती. ती हलली नाही. पाठ थांबली होती. मी खिडकीला तोंड लावून पुन्हा म्हणालो, याबेस, आणि पाठ वर आली. नर्स म्हणाली, काका, वेळ झाली. मी तिला म्हटलं थांब जरा, आणि पुन्हा हाक मारली.